प्रमाणित इको तपासणी कशी शिकावी: नव्याने प्रोब हाती घेणाऱ्यांसाठी

इको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची चित्रे घेण्याची तपासणी, शिकायला लागल्यावर सुरुवातीचे काही आठवडे पडद्यावर हृदय हलताना दिसले की मला समाधान वाटत असे. हृदय दिसणे आणि प्रमाणित चित्र मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एका रुग्णाच्या दुसऱ्या तपासणीच्या वेळी कळले. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाच्या मधल्या पडद्याची जाडी मी १३ मिमी नोंदवली होती आणि या वेळी माझ्या वरिष्ठांनी ती १० मिमी मोजली. हृदय बदललेले नव्हते. माझा छेद (हृदयाचा जो काप चित्रात दिसतो तो) तिरका होता, तिरक्या छेदात भिंत जाड दिसते, आणि मधले सहा महिने त्या माणसाने नसलेल्या दोषाची काळजी वाहिली.

प्रमाणित तपासणी म्हणजे ठरलेल्या खिडक्या (छातीवरच्या ज्या जागांतून हृदय दिसते त्या), ठरलेले छेद, ठरलेला क्रम, आणि प्रत्येक मापासाठी ठरलेला क्षण व ठरलेली जागा. आज तुम्ही केलेली तपासणी उद्या दुसऱ्या कोणी दुसऱ्या यंत्रावर केली, तरी दोन्हींची तुलना करता आली पाहिजे, यासाठीच हा सारा खटाटोप आहे. प्रौढांची छातीवरून केली जाणारी साधी इको तपासणी कशी शिकावी, याची वाट पुढे दिली आहे. प्रत्यक्ष रुग्णावरचा सराव मात्र अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावा.

१. आधी हृदयाची ठेवण डोक्यात पक्की करा

हृदय छातीत सरळ उभे नसते. त्याचा लांब अक्ष साधारणपणे उजव्या खांद्याकडून डाव्या कमरेकडे तिरका जातो, उजवे निलय (हृदयाचा खालचा कप्पा) पुढच्या बाजूला छातीच्या हाडामागे असते आणि डावे अलिंद (वरचा कप्पा) सर्वांत मागे असते. प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचे ध्वनिलहरींचे उपकरण, कुठे वळवायचा, हे सगळे या एका तिरकेपणावरून ठरते. हृदयाची उघडणारी प्रतिकृती मिळाली तर ती हातात धरून प्रत्येक छेद कुठून जातो हे बोटाने दाखवून पाहा. ज्याला छेदाची पातळी मनात उभी करता येत नाही, तो प्रोब नशिबावर हवाला ठेवून फिरवतो आणि चांगले चित्र मिळाले तरी ते पुन्हा मिळवू शकत नाही.

त्यानंतर एकच कार्यपद्धती निवडा. अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीने प्रौढांच्या तपासणीसाठी २०१९ मध्ये सविस्तर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत आणि ब्रिटिश सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीनेही किमान आवश्यक चित्रांची यादी ठरवलेली आहे. तुमच्या विभागात जी पद्धत चालते ती घ्या आणि किमान पहिले वर्षभर तिच्यात स्वतःच्या मनाने फेरफार करू नका. क्रम अंगवळणी पडला की डोळे दोष शोधायला मोकळे होतात. क्रम आठवण्यातच लक्ष गुंतले, तर समोरचा दोषही निसटतो.

२. जवळ काय असावे

कागदपत्रे:
- तपासणीचे कारण स्पष्ट लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. नुसते ‘इको करा’ असे लिहिलेले असेल तर कारण विचारून घ्या.
- आधीचा अहवाल आणि शक्य असल्यास आधीची चित्रे.
- रुग्णाची ओळख पटवणारी नोंद, त्या दिवशीची उंची, वजन आणि रक्तदाब.
- स्वतःची सरावाची नोंदवही.

साधने:
- यंत्र आणि प्रौढांसाठीचा हृदयाचा प्रोब. तो साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो.
- ईसीजीच्या तारा व चिकटपट्ट्या.
- जेल, पुसायला कापड, अंगावर घालायला चादर आणि प्रोब पुसण्यासाठी त्याच्या उत्पादकाने मान्य केलेले निर्जंतुक.
- शक्य असल्यास डाव्या बाजूला खाच असलेली तपासणीची गादी. तिच्यामुळे अपिकल, म्हणजे हृदयाच्या टोकाजवळच्या, खिडकीपाशी हात नीट पोहोचतो.

उंची आणि वजन नोंदवण्याचा नवखे लोक कंटाळा करतात. पण डाव्या अलिंदाचे आकारमान उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळाने भागूनच वाचायचे असते, आणि रक्तदाब ठाऊक नसेल तर झडपेच्या गळतीची तीव्रता नीट तोलता येत नाही.

३. यंत्राची बटणे

पहिल्या दिवशी सगळी बटणे शिकण्याची गरज नाही. खोली, गेन (परत आलेल्या लहरी किती वाढवून दाखवायच्या, म्हणजे चित्राचा उजळपणा), वेगवेगळ्या खोलीवरचा गेन बदलणाऱ्या पट्ट्या, चित्राच्या पंख्याची रुंदी आणि फोकस एवढी पाच हाताला लागली की काम सुरू होते. खोली गरजेपेक्षा जास्त ठेवली किंवा पंखा फार रुंद ठेवला, तर एका सेकंदात मिळणाऱ्या चित्रांची संख्या घटते आणि झडपेसारखी वेगाने हलणारी गोष्ट तुटक दिसते. गेन इतका असावा की पोकळीतील रक्त जवळजवळ काळे दिसेल, पण भिंतीची आतली कड तुटणार नाही. गेन फार वाढवला तर कडा फुगतात आणि माप चुकते. फार कमी केला तर निलयाच्या टोकाशी असलेली ताजी गुठळीही काळ्यात विरून जाते.

४. रुग्णाची आणि तुमची स्थिती

रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगावे. त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकते आणि बरगड्यांमधील जागा थोडी रुंदावते. चित्र धूसर असेल तर यंत्राशी झटापट करण्याआधी रुग्णाला आणखी थोडे कुशीवर वळवा आणि श्वास हळू सोडून क्षणभर थांबायला सांगा, कारण ध्वनिलहरींच्या वाटेत आलेले हवेने भरलेले फुप्फुस हाच बहुतेक वेळा अडथळा असतो. काय करणार आहोत आणि किती वेळ लागेल हे आधी सांगावे आणि जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा ठेवावा.

ईसीजी लावल्याशिवाय तपासणी सुरू करू नका. प्रसरणाचा (निलय रक्ताने भरण्याचा) शेवटचा क्षण कोणता हे चित्राच्या अंदाजाने ठरवले, तर प्रत्येकाचा क्षण वेगळा निघतो.

प्रोब पेनासारखा धरा आणि करंगळीची बाजू छातीवर टेकवा, म्हणजे हात घसरत नाही. त्याच्या हालचाली चार आहेत: जागा बदलणे, जागेवर ठेवून चित्राची पातळी कलवणे, त्याच पातळीत डोलवणे आणि स्वतःभोवती फिरवणे. या लेखातील सर्वांत उपयोगी सूचना कोणती असे कोणी विचारले, तर मी सांगेन की एका वेळी यांतील एकच हालचाल करा. दोन हालचाली एकत्र केल्या की चित्र कशामुळे सुधारले किंवा बिघडले हे कळत नाही. मनगट वाकवून आणि खांदा उचलून तासन्‌तास काम केल्यास मान, खांदा व मनगट कायमचे दुखावते, म्हणून खुर्ची, पलंग व पडदा यांची उंची प्रत्येक रुग्णाच्या आधी जुळवून घ्या.

५. पॅरास्टर्नल खिडकी

प्रोब छातीच्या मधल्या हाडाला लागून डावीकडे, तिसऱ्या किंवा चौथ्या बरगड्यांच्या फटीत ठेवा आणि त्यावरील खूण उजव्या खांद्याकडे करा. हा लांब अक्षाचा छेद. पहिले चित्र जास्त खोलीवर घ्या, कारण हृदयामागे साचलेले पाणी कमी खोलीच्या चित्रात पडद्याबाहेरच राहते. हृदयावरणातील पाणी उतरत्या महाधमनीच्या पुढच्या बाजूला शिरते, तर फुप्फुसाभोवतीचे पाणी तिच्या मागे राहते. म्हणून डाव्या अलिंदामागे दिसणारे महाधमनीचे ते लहान वर्तुळ प्रत्येक वेळी शोधा. मग खोली कमी करा.

चित्र योग्य आहे का, हे हाताच्या जागेवरून न ठरवता खुणांवरून ठरवा. मधला पडदा आणि मागची भिंत शक्यतो आडव्या व समांतर असाव्यात, मायट्रल झडपेची (डावे अलिंद व डावे निलय यांमधली) दोन्ही पाती व एऑर्टिक झडपेची (महाधमनीच्या तोंडाशी असलेली) दोन पाती एकाच चित्रात उघडझाप करताना दिसावीत, आणि निलयाचे टोक दिसू नये. टोक दिसत असेल तर छेद बहुधा तिरका किंवा आखूड आहे. डाव्या निलयाचा व्यास आणि भिंतींची जाडी प्रसरणाच्या शेवटी, मायट्रल पात्यांच्या टोकांच्या पातळीवर, निलयाच्या लांब अक्षाला काटकोनात मोजावी. माझी १३ मिमीची चूक येथेच झाली होती: तिरक्या छेदाच्या जोडीला उजव्या निलयातील एक स्नायूची पट्टी पडद्याला चिकटलेली दिसत होती आणि ती मी पडद्यातच धरली होती. हृदय हलते ठेवून पाहिले तर अशी पट्टी पडद्यापासून वेगळी हलताना दिसते, म्हणून स्थिर चित्रावर माप घेण्याआधी दोन-तीन ठोके चालू चित्र पाहा.

१९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि कार्ल हेल्मुट हर्ट्‌झ यांनी हृदयाच्या पहिल्या ध्वनिनोंदी घेतल्या, तेव्हा धातूंतील दोष तपासण्याच्या तंत्रावर आधारलेले त्यांचे यंत्र एकाच रेषेवरील हालचाल टिपत असे. आज पूर्ण चित्र दिसत असले तरी माप अखेर एका रेषेवरच घेतले जाते, आणि ती रेषा तिरकी पडली की चूक आलीच.

आता जागा न सोडता प्रोब घड्याळाच्या दिशेने सुमारे ९० अंश फिरवा, म्हणजे खूण डाव्या खांद्याकडे येईल आणि आडवा छेद मिळेल. नंतर फक्त कलवत एऑर्टिक झडपेपासून मायट्रल झडप, तेथून पॅपिलरी स्नायू (मायट्रल झडपेला धरून ठेवणारे) आणि शक्य तेवढे टोकाकडे असे उतरत या. डावे निलय गोल दिसले पाहिजे. ते लंबगोल दिसले तर छेद तिरका आहे. बरगड्यांची एक फट वर सरकून पाहा. एऑर्टिक झडपेला दोन पाती आहेत की तीन, हे झडप उघडलेली असतानाच ठरवा, कारण जोडलेल्या पात्यांमधली शिवण झडप बंद असताना तिसऱ्या पात्याचा हुबेहूब भास निर्माण करते.

६. अपिकल खिडकी

नवख्यांचा सर्वाधिक वेळ येथे जातो आणि सर्वांत मोठ्या चुकाही येथेच होतात. हृदयाचा ठोका बोटाने चाचपून तेथून सुरुवात करा, खूण रुग्णाच्या डाव्या बाजूला, पलंगाच्या दिशेने ठेवा आणि ध्वनिलहरी उजव्या खांद्याकडे सोडा. चार कप्पे दिसले की हात थांबवावासा वाटतो. तेथेच थांबू नका.

प्रोब टोकापेक्षा वर राहिला, तर निलय आखूड कापले जाते. चित्र सुंदर दिसते, चारही कप्पे स्पष्ट असतात, पण ज्याला आपण टोक समजतो ते टोक नसते; ती पुढची भिंत असते. ओळखण्याची खूण अशी की खरे टोक पातळ असते आणि जवळजवळ स्थिर राहते, तर आखूड छेदातले खोटे टोक गोल, जाड आणि जोरात आत ओढले जाणारे दिसते. याचा परिणाम गंभीर असतो. आकारमान कमी भरते, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला निलयातील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण) असते त्यापेक्षा चांगले वाटू शकते, आणि टोकाशी असलेली गुठळी किंवा फुगवटा छेदातच येत नाही. उपाय साधा आहे: एक फट खाली आणि थोडे बाहेरच्या बाजूला सरका, मग पुन्हा पाहा. निलय जेवढे लांब मिळेल तेवढे मिळेपर्यंत हे करत राहायचे.

चार कप्प्यांच्या छेदावरून घड्याळाच्या उलट दिशेने साधारण ६० अंश फिरवल्यास दोन कप्प्यांचा छेद येतो. त्यात उजव्या निलयाचा अंशही दिसता कामा नये. आणखी साधारण ६० अंश फिरवल्यास तीन कप्प्यांचा छेद येतो, ज्यात महाधमनीची वाटही दिसते. चार आणि दोन कप्प्यांच्या छेदांत मोजलेल्या डाव्या निलयाच्या लांबीत १० टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर दोन्हींपैकी एक चित्र आखूड आहे असे समजून परत जा. उजव्या निलयाची मापे घेण्यासाठी ते मध्यभागी आणणारे वेगळे चित्र घ्यावे, आणि डाव्या अलिंदासाठीही तसेच. निलयासाठी जुळवलेल्या चित्रात अलिंद बहुतेक वेळा आखूड पडते.

७. सबकॉस्टल आणि सुप्रास्टर्नल खिडक्या

रुग्णाला उताणे झोपवून गुडघे दुमडायला लावा म्हणजे पोट सैल पडते. प्रोब छातीच्या हाडाखाली जवळजवळ आडवा धरावा आणि रुग्णाला हळू श्वास आत घेऊन धरायला सांगावे. अलिंदांमधला पडदा येथून लहरींना जवळजवळ काटकोनात येतो, म्हणून त्यातील छिद्र शोधायला ही खिडकी सर्वांत चांगली. मग प्रोब फिरवून खालची महाशीर, म्हणजे आयव्हीसी, लांब अक्षात आणा. शेजारची महाधमनी आयव्हीसी समजून मोजणे ही नेहमीची चूक आहे. शिरेला यकृतातील शीर येऊन मिळते आणि ती उजव्या अलिंदात उघडते. या दोन्ही गोष्टी दिसल्याशिवाय माप घेऊ नका. व्यास २१ मिमीपर्यंत असेल आणि नाकाने जोरात श्वास ओढल्यावर तो निम्म्याहून अधिक घटत असेल, तर उजव्या अलिंदाचा दाब ३ मिमी पारा धरतात. व्यास जास्त असून तो निम्म्यानेही घटत नसेल तर १५, आणि मधल्या स्थितीत ८.

मानेखालच्या खाचेतील सुप्रास्टर्नल खिडकी रुग्णाला नकोशी वाटते, म्हणून नवखे ती टाळतात. महाधमनीची कमान येथूनच दिसते. ती वगळू नका.

८. डॉपलर

डॉपलर म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजण्याची पद्धत. तिचा एकच नियम मनात कोरून ठेवा: लहर रक्ताच्या प्रवाहाला समांतर असली पाहिजे. २० अंशांच्या कोनात वेग सुमारे ६ टक्क्यांनी कमी मोजला जातो, ६० अंशांत तो निम्माच मिळतो. दाबाचा फरक काढताना वेगाच्या वर्गाला ४ ने गुणायचे असल्याने वेगातील चूक आणखी वाढते. खरा वेग ४ मीटर प्रतिसेकंद असेल तर दाबाचा फरक ६४ मिमी पारा येतो, तो ३.५ मोजला गेला तर ४९. एऑर्टिक झडप गंभीर अरुंद आहे असे म्हणण्याची एक सीमा ४ मीटर प्रतिसेकंद हीच आहे, म्हणजे तिरक्या कोनामुळे गंभीर आजार मध्यम ठरू शकतो. म्हणून अरुंद झडपेच्या रुग्णात केवळ अपिकल खिडकीवर न थांबता पेन्सिलसारख्या छोट्या डॉपलर प्रोबने छातीच्या उजव्या बाजूनेही शोध घ्यावा आणि सर्वांत जास्त वेग नोंदवावा. मात्र मायट्रल गळतीचा प्रवाह चुकून एऑर्टिक समजला जात नाही ना, हे पाहा. गळती आकुंचनाच्या अगदी आरंभी सुरू होते आणि जास्त वेळ टिकते, एऑर्टिक प्रवाह झडप उघडल्यावरच सुरू होतो.

ट्रायकस्पिड झडपेच्या (उजवे अलिंद व उजवे निलय यांमधली) गळतीचा वेगही अनेक खिडक्यांतून घ्यावा. ३ मीटर प्रतिसेकंद वेगाला दाबाचा फरक ३६ मिमी पारा येतो आणि त्यात उजव्या अलिंदाचा दाब मिळवला की उजव्या निलयाचा आकुंचनातील दाब मिळतो. गळती सापडली नाही म्हणजे फुप्फुसाचा दाब सामान्य आहे, असे अहवालात कधीही लिहू नये.

रंगीत डॉपलरची वेगमर्यादा साधारण ५० ते ७० सेंमी प्रतिसेकंद ठेवा आणि रंगाची चौकट लहान ठेवा. मर्यादा खाली आणली की किरकोळ गळतीही भीतीदायक दिसते.

९. मोजमाप

डाव्या निलयाच्या बाहेर जाणाऱ्या वाटेचा व्यास लांब अक्षाच्या मोठ्या केलेल्या चित्रात, आकुंचनाच्या मध्यावर, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. व्यास २० मिमी असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंमी येते, १८ मिमी असेल तर २.५४. नुसत्या २ मिमीच्या चुकीने क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घसरते आणि त्यावरून काढलेले एऑर्टिक झडपेचे क्षेत्रफळही त्याच प्रमाणात चुकते. हे माप तीनदा घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

इजेक्शन फ्रॅक्शनसाठी चार आणि दोन कप्प्यांच्या छेदांत आतली कड आखताना पॅपिलरी स्नायू पोकळीतच धरावेत. २०१५ च्या अमेरिकन व युरोपीय संयुक्त शिफारशींनुसार पुरुषांत ५२ ते ७२ टक्के आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के ही सामान्य मर्यादा आहे. आधी डोळ्यांनी अंदाज करून तो कागदावर लिहा, मग मोजा. दोन्हींत मोठी तफावत आली तर आखणी पुन्हा पाहा. हृदयाची लय अनियमित असेल तर किमान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी.

१०. सराव आणि नोंदवही

ब्रिटिश सोसायटीच्या प्रौढ इकोच्या मान्यतेसाठी २५० तपासण्यांची नोंदवही द्यावी लागते, यावरून किती हात फिरावा लागतो याचा अंदाज येईल. पहिल्या पंचवीस-तीस तपासण्या निरोगी, सडपातळ, संमती दिलेल्या व्यक्तींवर कराव्यात, कारण सामान्य हृदय कसे दिसते हे पक्के झाल्याशिवाय असामान्य ओळखता येत नाही. पुढे मात्र मुद्दाम कठीण छातीचे रुग्ण मागून घ्या. नोंदवहीत रुग्णाचे नाव न लिहिता कारण, निष्कर्ष, कोणते चित्र मिळाले नाही व का, आणि वरिष्ठांनी काय सुधारले एवढे लिहावे. यांतला शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा असतो. दर महिन्याला आपलीच एक जुनी तपासणी, जुने आकडे न पाहता, पुन्हा मोजावी.

११. तपासणी संपताना

रुग्ण पलंगावर असतानाच चित्रांची यादी एकदा तपासा. राहिलेले चित्र नंतर मिळत नाही. जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असेच लिहावे, ‘सामान्य’ असे लिहू नये. हृदयावरणातील पाण्याने उजव्या बाजूचे कप्पे आत दबत असतील, महाधमनीत फाटलेल्या पापुद्र्यासारखी हलणारी रेषा दिसली, किंवा निलयात लोंबकळणारी गुठळी आढळली, तर अहवाल टंकलिखित होण्याची वाट न पाहता रुग्णाला तेथेच थांबवून वरिष्ठ डॉक्टरांना लगेच बोलवावे आणि त्यांना कळवल्याची वेळ लिहून ठेवावी.

बहुतेक रुग्ण जेल पुसता पुसता विचारतात, ‘सगळं ठीक आहे ना?’ शिकाऊ व्यक्तीने या प्रश्नाला निदान सांगू नये आणि खोटा दिलासाही देऊ नये. ‘चित्रे मिळाली आहेत, डॉक्टर ती पाहून तुमच्याशी बोलतील’ असे त्यांच्याकडे पाहून, शांतपणे सांगावे, आणि अहवाल कधी व कोणाकडून मिळेल हे त्यांना नेमके सांगूनच पुढच्या रुग्णाला आत घ्यावे.